लाज कोणाची?

शिक्षकी पेशात मला तेहेतीस वर्षे झाली. या काळात मुलांना मी सर्वांत जास्त वेळा कोणता प्रश्न विचारला असेल, असा विचार केला तर तो गणितातला नाही, व्याकरणातला नाही आणि इतिहासातलाही नाही. ‘लाज वाटत नाही का?’ हा तो प्रश्न. गृहपाठ न आणणाऱ्याला विचारला, मारामारी करणाऱ्याला विचारला, नापास होणाऱ्यालाही विचारला. गंमत अशी की, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही मुलाने कधी दिले नाही आणि मीही ते कधी अपेक्षिले नाही. मान खाली गेली की उत्तर मिळाले असे समजून आम्ही मास्तर मंडळी पुढच्या धड्याकडे वळतो. लाज म्हणजे नेमके काय, ती कशाची वाटावी, आणि दुसऱ्याला ती वाटायला लावण्याचा अधिकार कोणाला, याचा विचार करण्याची वेळ माझ्यावर वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी आली. तीही गावापासून हजारो मैल दूर, कोरियातल्या एका सार्वजनिक स्नानगृहात, अंगावर मनगटातल्या किल्लीखेरीज काहीही नसताना.

माझा मुलगा दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात संशोधन करतो. 2025 च्या उन्हाळी सुट्टीत आम्ही उभयता त्याच्याकडे तीन आठवडे गेलो होतो. हे शहर संशोधनसंस्थांसाठी प्रसिद्ध. पण त्याच्या युसाँग भागात गरम पाण्याचे झरे आहेत आणि त्यांची ख्याती प्रयोगशाळांहून कितीतरी जुनी. तिथे रस्त्याकडेला झाडांखाली दगडी पाट बांधून त्यातून गरम पाणी सोडले आहे. कोणीही यावे, बूट काढून काठावर बसावे, पाय पाण्यात सोडावेत. पैसे नाहीत, पावती नाही. कचेरीतून सुटलेले कारकून, काठी टेकत आलेल्या आज्या, पुस्तक वाचणारी कॉलेजची पोरे एका रांगेत पाय बुडवून बसलेली असतात. सौ.ला ही जागा फार आवडली. “चंद्रभागेच्या काठावर बसल्यागत वाटतंय,” असे म्हणून ती रोज संध्याकाळी तिथे जाऊ लागली.

8 मे हा कोरियात आईवडिलांचा दिवस मानतात. मुले आईवडिलांच्या छातीवर लाल कार्नेशनचे फूल लावतात. त्या संध्याकाळी प्रयोगशाळेतून येताना चिरंजीवांनी आम्हा दोघांसाठी फुले आणली आणि म्हणाले, “बाबा, आज तुम्हाला इथल्या मोग्योकतांगमध्ये नेणार. न्हाणीघर हो, सार्वजनिक.”

“कपडे काय घ्यायचे बरोबर?” मी विचारले.

“काही नाही.”

“म्हणजे पंचा तरी?”

“पंचासुद्धा नाही. तिथं सगळेच तसे असतात. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं.”

सौ.ने हात जोडले. “मला माझं पाय बुडवणं पुरे. तुम्ही जावा की,” असे म्हणून ती मोकळी झाली. माझी मात्र पंचाईत झाली. नाही म्हणावे तर मुलाचा हिरमोड. हो म्हणावे तर मुलासमोर, आणि शंभर परक्या पुरुषांसमोर, जन्माला आलो तसे उभे राहायचे.

आपल्याकडे सार्वजनिक स्नान नवे नाही. नरसोबाच्या वाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर हजारो माणसे उघड्यावर आंघोळ करतात. पण पंचा गुंडाळून, एका हाताने गाठ धरून, आतल्या आत ओले कपडे उतरवून कोरडे चढवण्याचे जे कसब आपल्या प्रत्येक पुरुषाच्या आणि त्याहून अधिक प्रत्येक बाईच्या अंगी असते, ते त्या घाटावरचे खरे शिक्षण. आपण उघड्यावर न्हातो, पण उघडे होत नाही. ही सवय इतकी मुरलेली की, बंद न्हाणीत एकटा असतानाही मी आयुष्यभर चड्डी घालूनच आंघोळ करत आलो. तिथे मला कोण पाहत होते?

*

स्नानगृहाच्या दारात बूट एका छोट्या कपाटात ठेवले. गल्ल्यावर पैसे भरले. आत गेल्यावर एक किल्ली मिळाली, रबरी पट्टीने मनगटात अडकवायची. तिच्यावर आकडा होता 214. त्या आकड्याच्या कपाटात एकेक वस्तू ठेवत गेलो. घड्याळ, चष्मा, पाकीट, शर्ट, खिशातले पेन, पॅन्ट. चिरंजीव केव्हाच मोकळे होऊन पाठमोरे उभे होते. बापाकडे न पाहण्याचे सौजन्य त्यांनी दाखवले, याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे. शेवटचे वस्त्र काढताना माझा हात थांबला. खरे सांगतो, शाळेच्या तपासणीला शिक्षणाधिकारी आले तेव्हाही छाती इतकी धडधडली नव्हती.

दार ढकलून आत गेलो आणि पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की, माझ्याकडे कोणीही पाहिले नाही. वाफेने भरलेले मोठे दालन. भिंतीलगत रांगेने बुटके प्लॅस्टिकचे स्टूल, प्रत्येकापुढे नळ, आरसा, एक घमेले. आधी तिथे बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचे. मळके अंग घेऊन हौदात उतरणे हा तिथला सर्वांत मोठा असभ्यपणा. मध्ये हौद होते. एकात कोमट, एकात कढत आणि एकात गार पाणी. हौदावर तापमानाचे आकडे लावलेले. कोमट हौदातले पाणी चाळीस अंशांच्या आसपास, कढत त्याच्याही वर. त्यात मानेपर्यंत बुडालेले दहा-बारा पुरुष डोळे मिटून बसले होते. म्हातारे, तरुण, ढेरपोटे, हाडकुळे. एकाच्या पोटावर शस्त्रक्रियेचा लांब व्रण, एकाची पाठ वाकलेली.

मी पाण्यात उतरलो आणि पाचेक मिनिटांत लाज कुठे गेली ते कळले नाही. हे मला फार विचित्र वाटले. पन्नास वर्षे जपलेली गोष्ट पाच मिनिटांत विरघळते, तर ती होती तरी कशाची बनलेली? मी स्वतःची उलटतपासणी घेऊ लागलो. कपाटापाशी मला नेमकी कशाची लाज वाटत होती? शरीराची? तसे म्हणावे तर लहानपणी तालमीत मी लंगोटावर शेकडो मुलांसमोर वावरलो आहे. लाल मातीत लोळलो आहे, एकमेकांच्या अंगाला तेल चोळले आहे. तेव्हा संकोच कसला तो माहीत नव्हता. मग मधल्या काळात काय झाले? मी मास्तर झालो, पुढे हेडमास्तर झालो. लोक रस्त्यात थांबून नमस्कार करू लागले. माझ्या लक्षात आले की, कपाट क्रमांक 214 मध्ये मी जे काढून ठेवले ते कपडे नव्हते, ते पद होते. या दालनात मी ‘सर’ नव्हतो, एम.ए. नव्हतो. एक सुटलेले पोट आणि पिकलेली छाती असलेला परदेशी म्हातारा होतो. भीती उघडे होण्याची नव्हती, कोणीच नसण्याची होती.

*

लाज ही माणसाच्या स्वभावातच असते, ती काळानुसार बदलत नाही, असे आपण समजतो. कोरियाचा इतिहास वेगळेच सांगतो. 1123 साली चीनच्या सोंग दरबाराचा श्यू जिंग नावाचा वकील तिथे आला होता. त्याने आपल्या वृत्तान्तात नोंदवले आहे की, हे लोक फार वेळा आंघोळ करतात आणि उन्हाळ्यात ओढ्याकाठी कपडे काढून ठेवून स्त्रीपुरुष एकत्र न्हातात. पुढे 1392 मध्ये जोसन राजवट आली, कन्फ्यूशियसच्या शिकवणुकीने समाजाचे नियम आखले गेले, आणि त्याच लोकांच्या उच्चकुलीन वंशजांना एकान्तातही सगळे कपडे उतरवून न्हाणे अशिष्ट वाटू लागले. एकेक अवयव उघडा करायचा, धुवायचा, झाकायचा. माझ्या न्हाणीतल्या चड्डीचा तो कोरियन अवतार म्हणायचा! नंतर विसाव्या शतकात, जपानी अमलाखाली, शहरांतून सार्वजनिक स्नानगृहे उभी राहिली आणि स्वातंत्र्यानंतर ती गल्लोगल्ली पसरली. घरात गरम पाणी नसण्याच्या काळात सगळे कुटुंब आठवड्यातून एकदा तिथे जाई. सणाच्या आदल्या दिवशी तर रांग लागे. म्हणजे लाज गेली, आली, पुन्हा गेली. माणसे तीच.

आपल्याकडे तरी काय वेगळे आहे? आमच्या सीमाभागात, निपाणीजवळच्या स्तवनिधीला म्हणा की खेड्यापाड्यांतल्या चातुर्मासात म्हणा, दिगंबर मुनी रस्त्याने येताना दिसले की लोक बाजूला होऊन हात जोडतात. तिथे नग्नता दिसत नाही, त्याग दिसतो. बाराव्या शतकातली अक्कमहादेवी राजवैभवाबरोबर वस्त्रेही टाकून केसांनी अंग झाकून कल्याणला आली, अशी परंपरा सांगते. तिथल्या शरणांच्या सभेत अल्लमप्रभूंनी तिला कठोर प्रश्न विचारले. त्या प्रश्नोत्तरांतून ती लहान होऊन नव्हे, सर्वांची अक्का होऊन बाहेर पडली. आणि याच देशात कौरवांच्या सभेत द्रौपदीच्या वस्त्राला हात घातला गेला, तेव्हा ते महापाप ठरले.

मुनी, अक्का आणि द्रौपदी. वस्त्र हाच तिन्हींमधला प्रश्न. पण एकीकडे पूजा आणि दुसरीकडे पाप. हा भेद कशामुळे? हौदात बसल्या बसल्या मला एक उत्तर सुचले, ते वाचकांपुढे ठेवतो. लाज उघडेपणात नसते. एकाने झाकलेले राहायचे आणि दुसऱ्याला उघडे करायचे, यात ती असते. द्रौपदीच्या सभेत कौरव वस्त्राभूषणांनी सजून बसले होते. स्वतःच्या इच्छेने वस्त्र टाकणाऱ्याला कोणी लाजवू शकत नाही, आणि जिथे सगळेच उघडे तिथे कोणी कोणाला लाजवत नाही. दुसऱ्याला उघडे पाडून आपण झाकलेले राहण्याची सत्ता ज्याच्या हाती, तोच लाजेचा व्यापार करतो.

आणि हे सुचताक्षणी त्या चाळीस अंशांच्या पाण्यात माझ्या अंगावर काटा आला.

*

हेडमास्तर झाल्याचे ते पहिलेच वर्ष. जुलै महिना होता. आमच्याकडचा जुलै म्हणजे आठ-आठ दिवस सूर्यदर्शन नाही. सोमवारच्या प्रार्थनेला नववीतला एक मुलगा रंगीत शर्ट घालून आला. शिस्तीचा धाक बसवायचा हे मी मनाशी ठरवलेले. त्याला पुढे बोलावले. “काढ तो शर्ट,” म्हणालो. त्याने काढला. आत फाटके बनियन होते, खांद्यापासून बरगडीपर्यंत. चारशे मुलामुलींसमोर तो प्रार्थना संपेपर्यंत तसाच उभा राहिला. इस्त्रीच्या सफारीत मी त्याच्या शेजारी उभा होतो आणि विचारत होतो, “लाज वाटत नाही का?”

दुसऱ्या दिवशी तो गणवेशात आला. चिंब ओल्या गणवेशात. एकच जोड होता आणि तो वाळला नव्हता, एवढीच आदल्या दिवशीची हकिकत होती. तो दिवसभर ओल्या कपड्यांत बाकावर बसून राहिला. वर्गशिक्षकांनी मला येऊन सांगितले. मी ‘बरं’ म्हणालो आणि रजिस्टरवर सही करत राहिलो. हेडमास्तरांनी विद्यार्थ्यापुढे चूक कबूल करायची नसते, असे त्या वेळी मला खरोखरच वाटत असे.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांच्या यादीत ‘ह्री’ आहे. ह्री म्हणजे लज्जा. चीनचा तत्त्वज्ञ मेन्सियस यानेही लाजेच्या भावनेला न्यायबुद्धीचा अंकुर मानले. दोन थोर परंपरा लाजेला सद्गुण म्हणतात आणि मी ते नाकारणारा कोण? पण त्या दोघांच्या मनातली लाज आतून उगवणारी आहे. आपल्या हातून अन्याय झाला तर कोणी पाहत नसतानाही जी जाळते, ती. मी मुलांना देत होतो ती बाहेरून अंगावर फेकलेली. पहिल्या लाजेने माणूस सरळ होतो. दुसरीने तो फक्त लपायला शिकतो, नाहीतर ओला गणवेश घालून यायला. त्या सोमवारी ज्याला खरी ह्री वाटायला हवी होती तो सफारीत होता.

*

पाण्यात वीसेक मिनिटे मुरल्यावर कातडी मऊ पडते. मग घासकाम. कोपऱ्यात रबरी आच्छादनाचे दोन पलंग होते आणि तिथे आखूड चड्डीवर एक पन्नाशीचा गृहस्थ उभा होता. अंग घासून देणे हाच त्याचा व्यवसाय. हातात हिरवा खरखरीत कापडी मोजा. याला ते ‘इटली टॉवेल’ म्हणतात. 1960 च्या दशकात बुसान शहरात हा बनू लागला. कापड इटलीहून आलेले म्हणून नाव इटलीचे, बाकी सारे कोरियन. आपली वज्री आणि हा मोजा एकाच जातीचे, फक्त वज्री टाचेपुरती आणि मोजा टाळूखालच्या सगळ्या देशाला. त्याने मला पलंगावर निजवले, घमेलेभर पाणी ओतले आणि घासायला सुरुवात केली. अंगावरून करड्या वळ्या निघू लागल्या. फळ्याजवळ उभे राहून आयुष्य काढलेल्या माणसाला त्या खोडरबराच्या चुऱ्यासारख्या दिसल्या. एक थाप मारली की कुशीवर वळायचे, दुसरी थाप की पालथे. तीस वर्षे मुलांना ‘उठ-बस’ करवणारा मी निमूटपणे थापेसरशी वळत होतो.

त्याच्या हाताकडे पाहताना मनात आले, परक्या माणसाच्या मळाला हात लावणारा हा हात इथे कोणत्या पायरीवर असेल? आपल्याकडे याचे उत्तर जन्मापाशी शोधले गेले असते. कोरियातही शतकानुशतके खाटीक आणि कातडे कमावणारे ‘पेकजोंग’ समाजाबाहेर होते. 1894 च्या सुधारणांनी कायद्यातला तो भेद मिटला, पण व्यवहारातला राहिला. म्हणून 1923 मध्ये जिंजू शहरात त्यांनी समतेची संघटना स्थापली. तिच्या नावातच तराजूचा समतोल आहे. त्यानंतर चारच वर्षांनी, 20 मार्च 1927 रोजी, महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. एकाच पाण्यात उतरायचा हक्क ही साधी गोष्ट नव्हे, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक?

पण म्हणून कोरियन स्नानगृहाला समतेचे मंदिर ठरवून मोकळे व्हावे, असेही नाही. हौदात बसल्यावरही धाकटा थोरल्याला मान लववून बोलतो; वस्त्रे उतरली तरी वय उतरत नाही. त्यांच्या भाषेत आदराच्या पायऱ्या आहेत आणि त्या वाफेत विरघळत नाहीत. 2011 साली बुसानमध्ये उझबेकिस्तानात जन्मलेल्या, रीतसर कोरियन नागरिक झालेल्या एका स्त्रीला चेहरा परका म्हणून स्नानगृहात घेतले नाही आणि त्यावरून बराच गदारोळ झाला. पाण्यात समता असते हे खरे, पण दारावर माणूस बसलेला असतो. शिवाय कपाटापाशी परतले की सगळे आपापले पद पुन्हा अंगात घालतात. मग या तासाभराच्या उघडेपणाचे मोल काय? माझ्यापुरते सांगायचे तर, अंगावर असते तोवर ते पद आहे हे कळतच नाही; एकदा काढून ठेवले की कळते, एवढे त्याचे मोल.

*

पलंगावरून उठून मी नळाकडे निघालो तेव्हा समोर एक दृश्य होते. बुटक्या स्टुलावर ऐंशीच्या घरातला एक म्हातारा बसला होता आणि मागे दुसऱ्या स्टुलावर त्याचा मुलगा, माझ्याच वयाचा. मुलगा बापाची पाठ घासत होता. घाई नाही, बोलणे नाही. पाठ झाल्यावर हात, मग बोटांच्या बेचक्या. मग डोक्यावर एक हात धरून, डोळ्यांत पाणी जाऊ नये अशा बेताने, घमेल्याने पाणी सोडले. म्हातारा लहान मुलासारखा डोळे घट्ट मिटून बसला होता.

मी तिथेच उभा राहिलो.

आमचे आप्पा तालमीतले. मला तालमीत त्यांनीच नेले. घरी आल्यावर दोघे न्हाणीत बसायचे, ते माझी पाठ घासायचे, मी त्यांची. “आपली पाठ आपल्याला दिसत नाही, ती दुसऱ्यानंच बघायची असते,” असे ते म्हणत. 2009 मध्ये त्यांना अर्धांगवायू झाला आणि ते चौदा महिने अंथरुणावर होते. त्यांना आंघोळ घालायला मी एक माणूस ठेवला. पगार वेळेवर दिला. रोज सकाळी तो आत असे आणि मी दाराबाहेर पेपर वाचत उभा. लोक विचारत, तेव्हा सांगे, “आप्पांना माझ्यासमोर संकोच वाटतो.” कधी तो माणूस आला नाही तर मी शेजाऱ्याला बोलावी. एकदा आप्पा जड जिभेने माझ्याकडे पाहून काही बोलले. ‘पाठ’ एवढाच शब्द मला कळला. मी म्हणालो, “तो आला की सांगतो.”

आप्पांच्या अंगाला मी पाणी घातले ते त्यांना शेवटची आंघोळ घातली तेव्हा. अंगणात, दहा माणसांदेखत, पाटावर टेकवून. तेव्हा पाठीला शय्याव्रण झालेले मी प्रथम पाहिले.

संकोच आप्पांचा नव्हता, माझा होता, हे मी आता कबूल करतो. ज्या बापाला आखाड्यात पाहिले त्याला लुळा पाहण्याचा. मी त्याला ‘मर्यादा’ असे सुंदर नाव दिले होते. पण त्यातही तोच हिशेब होता: ते उघडे, मी झाकलेला. मी शर्ट काढून, पंचा गुंडाळून, लहानपणी बसायचो तसा त्यांच्याशेजारी ओलाचिंब बसलो असतो, तर दोघांपैकी कोणालाही लाज वाटली नसती. एवढे सोपे होते ते. एम.ए.पर्यंत शिकलेल्या माणसाला कळले नाही.

“बाबा, बसा,” मागून आवाज आला. चिरंजीव हिरवा मोजा घालून उभे होते. “त्यांनी केलं की,” मी पलंगाकडे बोट दाखवले. “तरी बसा.” मी स्टुलावर बसलो. त्याने पाठीवर पाणी घातले आणि घासू लागला. त्याचा हात अगदी आप्पांसारखा जड आहे, हे मला त्या दिवशी कळले. मग मी मोजा मागून घेतला आणि त्याला पाठ फिरवायला सांगितले. तो सहावीत गेल्यापासून मी त्याच्या पाठीला हात लावला नव्हता. उजव्या खांद्याखाली एक मोठा तीळ होता. तो जन्मापासून असणार. मी मात्र विसरलो होतो. समोर आरसा होता, पण वाफ धरलेली होती आणि ते बरे झाले.

बाहेर कपडे घालताना तो म्हातारा भेटला. मुलाने त्याच्या शर्टाला लाल फूल नीट करून लावले. आम्ही केळ्याच्या स्वादाचे दूध प्यायलो. 1974 पासून ते तिथे मिळते आणि न्हाऊन आल्यावर पोरांना तेच पाजायचा रिवाज आहे. सौ. पाय बुडवून बसली होती. “काय, कसं वाटलं?” तिने विचारले. “पाठ स्वच्छ झाली,” एवढेच म्हणालो.

*

जूनमध्ये शाळा सुरू झाली. तो ओल्या गणवेशाचा मुलगा आता वेल्डिंगचे दुकान चालवतो. रस्त्यात भेटला की थांबून नमस्कार करतो. एका संध्याकाळी मी त्याच्या दुकानात गेलो. त्याने खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. मी त्या सोमवारची आठवण काढली आणि म्हणालो, “चूक माझी होती. त्या दिवशीही कळली होती, पण बोललो नाही.” त्याने थोडा वेळ माझ्याकडे पाहिले. “सर, मला काही आठवत नाही ओ,” असे म्हणून त्याने वेल्डिंगची काच चेहऱ्यावर ओढली आणि कामाला लागला. ठिणग्या उडत होत्या. त्याला खरेच आठवत नव्हते की मला झाकण्यासाठी तो तसे म्हणाला, हे मला काचेतून दिसले नाही. विचारण्याचा अधिकारही मला नव्हता. चहा संपवून मी उठलो.

शाळेत ‘लाज वाटत नाही का?’ हा प्रश्न मी सोडला आहे. सवयीने ओठांवर येतो, तेव्हा थांबतो. त्याऐवजी ‘काय झालं?’ असे विचारतो. वेळ जास्त लागतो, शिस्त थोडी ढिली झाली असे काही सहकारी म्हणतात, आणि त्यांचे अगदीच चुकीचे असेल असेही नाही. पण या प्रश्नाला मुले उत्तर देतात.

नरकचतुर्दशीची पहाट जवळ आली आहे. घरोघरी बंब पेटतील, तेल कोमट होईल, उटणे भिजेल. आपल्या या अभ्यंगस्नानात एक गोष्ट फार शहाणपणाची आहे: तेल आपले आपण लावायचे नसते, ते दुसऱ्याने लावायचे असते. आई लावते, बहीण लावते, बायको लावते. वर्षातून एक दिवस आपली पाठ दुसऱ्याच्या हाती द्यायची असते. बहुतेक घरांत हे आता पोरांच्या डोक्याला टिपूसभर तेल लावण्यापुरते उरले आहे. ज्यांच्या घरात म्हातारे वडील आहेत, अंथरुणावर का असेनात, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. त्या पहाटे माणूस लावू नका. शर्ट काढा आणि आत जा.